आईच्या दुधातले सायटोकाइन बाळाला काय सांगतात? वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात अंगावरच्या दुधाबद्दल लिहिताना मी चारच ओळी अशा लिहिल्या होत्या की या दुधात नुसत्या अँटीबॉडी नसतात, बाळाच्या इम्यून सिस्टीमला सिग्नल देणारी प्रोटीन पण असतात आणि त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझं बाळ चार महिन्यांचं आहे, फक्त अंगावर पिते. तुमचं वाचून मी घाबरलेच, कारण कोरोनात आमच्या काकांना ‘सायटोकाइन स्टॉर्म’ झालं असं हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं आणि ते गेले. तेच सायटोकाइन माझ्या दुधात असतील तर बाळाला काही होणार नाही ना? (कोल्हापूर)

उत्तर : काही होणार नाही, पाजत राहा. काकांचं वाचून वाईट वाटलं, आणि ज्यांनी तो शब्द तसा ऐकलाय त्यांना भीती वाटणारच, म्हणून जरा नीट सांगते.

सायटोकाइन ही एक वस्तू नाही, छोट्या छोट्या प्रोटीनचा मोठा गट आहे. एका पेशीला दुसऱ्या पेशीला काही कळवायचं असलं की ती हे प्रोटीन सोडते. काही सायटोकाइन सांगतात की जंतू आलाय, सूज आणा, ताप आणा, अजून पेशी पाठवा, आणि काही सांगतात की झालं आता, थांबा, आवरतं घ्या. कोरोनाच्या काही पेशंटमध्ये पहिल्या प्रकारचे सिग्नल रक्तात इतके बेसुमार वाढले की जंतूबरोबर स्वतःच्याच फुफ्फुसाचं नुकसान व्हायला लागलं, ते स्टॉर्म.

दुधात दोन्ही प्रकार सापडतात, पण मिलीलीटरमागे पिकोग्रॅममध्ये, म्हणजे एका ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात मोजावे लागतात इतके थोडे. आणि त्यात ज्याचं प्रमाण सगळ्यात ठळक असतं तो आहे टीजीएफ-बीटा, खास करून त्याचा दुसरा प्रकार टीजीएफ-बीटा-२, आणि तो मुख्यतः शांत करणाऱ्यांपैकी. सोबत आयएल-१० असतो, तोही तसाच. मला स्वतःला सगळ्यात भारी वाटते ती गोष्ट वेगळीच आहे, सूज आणणारा जो प्रसिद्ध सायटोकाइन आहे टीएनएफ, त्याला पकडून ठेवणारे सुटे रिसेप्टरसुद्धा (एरवी पेशीवर बसून सिग्नल घेणारी प्रोटीन) दुधात असतात, म्हणजे फोन वाजतो पण ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत जायच्या आधीच दुसरं कुणीतरी उचलून ठेवतं. सूज आणणारा आणखी एक आयएल-१, त्याचा सिग्नल अडवणारं प्रोटीन पण असतं. अमेरिकेतले डॉ. आर्मंड गोल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्येच मांडलं होतं की आईचं दूध जंतूंशी लढतं ते सूज न वाढवता.

हे बाळाला कशाला लागतं ते बघा. पोटात असेपर्यंत बाळाच्या आतड्याने जंतू जवळपास बघितलेलेच नसतात आणि जन्मल्यापासून काही तासांत, काही दिवसांत तिथे कोट्यवधी बॅक्टेरिया येऊन राहायला लागतात, ते बहुतेक कामाचेच असतात, शिवाय दुधातली प्रोटीन, आईने खाल्लेल्या शेंगदाण्याचे डाळीचे बारीक अंश, सगळंच नवीन. प्रत्येक नव्या गोष्टीवर इम्यून सिस्टीमने हल्ला केला तर आतडं कायम सुजलेलंच राहील. टीजीएफ-बीटा तिथल्या पेशींना सांगतो की हे सहन करा, आणि अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना सांगतो की आयजीए नावाची अँटीबॉडी बनवायला घ्या, जी जंतूला आतड्याच्या भिंतीला चिकटू देत नाही पण सूजही आणत नाही.

यावर दोघातिघांनी विचारलंय की प्रोटीन पोटात गेलं की पचून जाणार, मग सिग्नल पोचतो कसा. रास्त शंका आहे. मोठ्या माणसाच्या पोटात हे टिकलं नसतं. पण तान्ह्या बाळाच्या पोटात अॅसिड कमी असतं, प्रोटीन तोडणारी एन्झाइम अजून जोरात नसतात आणि दुधातच त्या एन्झाइमना अडवणारे घटक येतात, चिकात तर जास्तच. टीजीएफ-बीटाचा बराचसा भाग दुधात बंद, निष्क्रिय रूपात असतो आणि आंबट वातावरणात तो उघडून कामाला लागतो, म्हणजे पोटातलं थोडंफार अॅसिड उलट त्याच्या उपयोगीच पडतं.

१९९४ मध्ये अमेरिकेत उंदरांवर एक प्रयोग झाला होता तो सांगते. टीजीएफ-बीटा-१ चं जीनच नसलेली पिल्लं, म्हणजे स्वतः हा सायटोकाइन बनवू न शकणारी, ती जन्मल्यावर दोनतीन आठवडे चांगली दिसायची आणि मग दूध सुटायच्या सुमारास अंगभर सूज पसरून मरायची. तोवर ती जगली कशी हे शोधलं तेव्हा कळलं की आईचा टीजीएफ-बीटा आधी वारेतून आणि मग दुधातून त्यांना मिळत होता. उंदीर म्हणजे माणूस नाही हे खरं, पण दुधातला सिग्नल बाळाच्या शरीरात जाऊन खरोखर काम करतो हे यातून दिसलं.

प्रश्न : डॉक्टरबाई, मी आजी आहे. आमच्या वेळी पहिल्या दिवशीचं पिवळं चिकट दूध पिळून टाकायचो, ते बाळाला जड पडतं म्हणायचे, तोवर मध आणि गुळाचं पाणी चाटवायचो. आता सुनेची डॉक्टर म्हणते एक थेंब टाकू नका. आमची पोरं तर वाढलीच की. खरं काय ते सांगा. (बीड जिल्हा)

उत्तर : आजी, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत, कारण घरात बाळंतिणीजवळ चोवीस तास तुम्हीच असता, डॉक्टर नसते.

चीक टाकायचा नाही. पहिल्या दोनतीन दिवसांत दूध अगदी थोडं येतं, कधी चमचाभरच, पण इम्युनिटीच्या बाबतीत पुढच्या कुठल्याही दुधापेक्षा ते दाट. आयजीए अँटीबॉडी चिकात पक्क्या दुधाच्या कितीतरी पट असते, ती नंतर भराभर उतरत जाते. टीजीएफ-बीटा आणि बाकीच्या बऱ्याच सायटोकाइनचं पण तसंच, सुरुवातीला जास्त, मग कमी. त्याच्यात जिवंत पांढऱ्या पेशीसुद्धा असतात. पिवळा रंग बीटा-कॅरोटीनचा, गाजरात असतो तोच, खराबीचा नाही. जडही पडत नाही, उलट पहिली काळी शी लवकर सुटायला त्याची मदत होते.

मध मात्र वर्षाच्या आत अजिबात नको. मधात कधीकधी बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असतात, मोठ्यांना ते बाधत नाहीत पण तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात, बाळ लुळं पडतं, श्वासावर येतं. गुळाचं पाणी, घुटी, साधं पाणी, यातलं काही पहिले सहा महिने लागत नाही, उन्हाळ्यातसुद्धा नाही. वरचं पाणी पाजलं की बाळ तेवढं दूध कमी ओढतं आणि पाण्यातला जंतू आतड्यात जातो ते वेगळंच.

तुमची पोरं वाढली याचा मला आनंदच आहे. पण त्या काळी गावात किती तान्ही बाळं जुलाबाने, तापाने जायची तेही तुम्ही बघितलंय. आणि ही गोष्ट फक्त तुमच्या पिढीची नाही हो, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जेमतेम ४२ टक्के बाळांना जन्मल्यावर पहिल्या तासात अंगावर घेतलेलं होतं, आणि दवाखान्यातली बाळंतपणं तर ८८ टक्क्यांच्या वर गेली आहेत. म्हणजे बाळ दवाखान्यात जन्मतंय आणि तरी पहिला तास हातातून जातोय. सिझेरियन असलं तरी पाजता येतं, नर्सला सांगा की बाळ आईच्या छातीशी धरा म्हणून, आजीने सांगितलं की ऐकतात.

प्रश्न : मॅडम, आमचा मुलगा ३१ व्या आठवड्यात झाला, एनआयसीयूत आहे, नळीने दूध देतात. बायकोला पंपाने एका वेळी दोन मिली पण येत नाही, ती रडते, म्हणते एवढ्याशाने काय होणार. सिस्टर म्हणतात तेवढंच आणा, कापसाच्या बोळ्याने त्याच्या गालाच्या आत लावू. बाकीचं मिल्क बँकेचं दूध देताहेत, ते पाश्चराइज केलेलं असतं म्हणे, मग त्यात काही उरतं का? पावडर बरी का? (नाशिक)

उत्तर : पहिल्यांदा बायकोला हे वाचून दाखवा : ते दोन मिली खूप आहेत. खरंच खूप आहेत, समजूत घालायला म्हणत नाहीये.

दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाचं आतडं कच्चं असतं आणि त्याची इम्यून सिस्टीम कमजोर असते असं आपण म्हणतो पण ते अर्धंच खरं आहे, ती जंतू मारायला कमजोर असते आणि सूज आणायला मात्र नको तेवढी तयार असते, एकदा सूज सुरू झाली की तिला थांबवणारी यंत्रणा अजून बसलेली नसते. त्यातूनच एनईसी नावाचा आजार होतो, आतड्याचा भाग सुजून कुजायला लागतो, कधीकधी ऑपरेशन करून तेवढं आतडं काढावं लागतं, काही बाळं जातात. आईच्या दुधातले टीजीएफ-बीटा, आयएल-१०, ते सुटे रिसेप्टर हे नेमकं इथे लागतात. ब्रिटनमध्ये अॅलन लुकस आणि टी. जे. कोल यांनी ९२६ अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास १९९० मध्ये छापला, त्यात फक्त फॉर्म्युलावर, म्हणजे पावडरच्या दुधावर, असलेल्या बाळांना एनईसी फक्त आईच्या किंवा बँकेच्या दुधावरच्या बाळांपेक्षा ६ ते १० पट जास्त झाला होता. एकट्या सायटोकाइनचं हे श्रेय नाही, आयजीए, लॅक्टोफेरिन नावाचं जंतूंना रोखणारं प्रोटीन, दुधातल्या खास साखरा सगळे मिळून ते काम करतात. पण तुमचा प्रश्न पावडर बरी का असा असेल तर उत्तर हे आहे. आईचं नसेल तर बँकेचं, बँकेचंही नसेल तर मग डॉक्टर सांगतील तो अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा फॉर्म्युला, असा क्रम.

गालात चीक लावतात त्यामागचा विचार असा की तोंडात आणि घशाजवळ इम्यून पेशींचे ठिपके असतात. पोटातलं बाळ सतत गर्भजल गिळत असतं आणि त्या पाण्यातसुद्धा हेच सिग्नल असतात, म्हणजे नऊ महिने त्याच्या तोंडावरून ते जात असतात. तुमच्या मुलाचं ते दोन महिने आधीच तुटलं आणि आता नळीने दूध थेट पोटात जातंय, तोंडाला काहीच लागत नाही. म्हणून दर दोनतीन तासांनी एकेका गालात थेंब थेंब, साधारण ०.१ मिली. त्यासाठी दोन मिली म्हणजे दिवसभराचा साठा झाला! आणि लवकर बाळंत झालेल्या आईच्या चिकात यातले बरेच घटक पूर्ण दिवसांच्या आईपेक्षा जास्त दाट सापडतात.

आता पाश्चरायझेशन. बँकेत दूध ६२.५ अंश सेल्सियसला ३० मिनिटं ठेवतात. एचआयव्ही, सीएमव्ही असले विषाणू त्याने मरतात म्हणून ते करावंच लागतं. त्यात दुधातल्या जिवंत पेशी सगळ्या जातात, आयजीए आणि लॅक्टोफेरिन कमी होतात, काही सायटोकाइन घटतात, पण टीजीएफ-बीटा बऱ्यापैकी तग धरतो आणि दुधातल्या खास साखरांना धक्का लागत नाही. म्हणजे ताज्या दुधाची सर नाही, पण पावडरपेक्षा खूप वर. आशियातली पहिली मिल्क बँक आपल्याच मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, कारण महापालिकेच्या त्या वॉर्डात येणाऱ्या बाळांना इन्फेक्शनपासून वाचवायचं होतं. तेव्हापासून ती चालू आहे आणि तिच्याकडे बघून देशात पुढे कितीतरी निघाल्या.

बायकोला सांगा दिवसातून आठ वेळा तरी पंप किंवा हाताने काढायचं, रात्री एकदा धरून, दोन मिली आलं तरी आणि काहीच नाही आलं तरी, स्तन रिकामा होत राहिला तरच दूध वाढतं. चीक दाट असतो, पंपाच्या नळीलाच चिकटून राहतो, त्यामुळे पहिले काही दिवस हाताने काढलेला जास्त मिळतो, सिस्टर शिकवतील. डॉक्टरांनी परवानगी दिली की कांगारू केअर, बाळ उघड्या छातीवर, आणि तुम्हीही घ्या त्याला. तिच्या वाटचं जेवण वेळेवर येतंय ना, झोप होतेय ना, हे तुम्ही बघा.

प्रश्न : मला दोन दिवस ताप आहे, एका बाजूला छाती लाल झालीय, गाठ आलीय, दुखतंय. सासूबाई म्हणतात तापाचं दूध पाजू नको, बाळाला बाधेल. बाळ पण त्या बाजूला तोंड लावून सोडतंय. (सोलापूर)

उत्तर : हे मॅस्टायटिस, म्हणजे स्तनाला आलेली सूज, दिसतंय, आजच डॉक्टरांना दाखवा, अँटिबायोटिक लागू शकतं आणि पाजताना चालणारी अँटिबायोटिक आहेत. पाजणं थांबवू नका. थांबवलंत तर दूध साठून गाठ वाढेल आणि पू होऊ शकतो. पण बाळाने नेहमीएवढंच प्यावं, दुखणारी बाजू पूर्ण रिकामी करायची म्हणून जोरजोरात पंप करणं किंवा गाठ दाबून चोळणं याने सूज वाढते, ते नको. दोन फीडच्या मधे थंड पट्टी ठेवा, बरं वाटतं.

बाळ तोंड का सोडतंय तर सूज आली की दुधात सोडियम वाढतं आणि ते खारट लागतं. त्या बाजूच्या दुधात आयएल-६, आयएल-८ हे सूज आणणारे सायटोकाइन पण वाढतात, पण पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला त्याने अपाय होत नाही.

साधा ताप, सर्दी, खोकला, जुलाब असतानाही हेच. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, २०१३ चा आहे, निरोगी आईच्या पक्क्या दुधातल्या पेशींपैकी पांढऱ्या पेशी जेमतेम ० ते २ टक्के होत्या आणि इन्फेक्शन झालं की त्या ९४ टक्क्यांपर्यंत गेलेल्या दिसल्या. फक्त बाळ आजारी असेल तरी त्या वाढत होत्या, आई ठणठणीत असताना! सासूबाईंना हे जरूर सांगा, त्यांची काळजी बाळासाठीच आहे. तुमचा ताप ज्या जंतूचा, त्याच्याविरुद्ध तुमचं शरीर जे बनवतंय ते दुधातून बाळाला मिळतंय, आणि जंतू तर एका घरात राहून बाळापर्यंत तसाही पोचलेलाच असतो. हात धुवा, खोकला असेल तर मास्क लावा. टीबी, एचआयव्ही, कॅन्सरची औषधं, स्तनावर नागिणीसारखे फोड, हे मात्र वेगळं, तिथे आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न : माझ्या नवऱ्याला दमा, मला लहानपणापासून एक्झिमा. दुधातला टीजीएफ-बीटा वाढवला तर बाळाला अॅलर्जी होणार नाही का? एक ‘लॅक्टेशन इम्युनिटी’ पावडर मिळते ऑनलाइन, महाग आहे पण घेऊ का? (पुणे)

उत्तर : पावडर घेऊ नका. अमुक खाल्लं की दुधातला टीजीएफ-बीटा वाढतो आणि बाळाचा दमा टळतो असं सिद्ध केलेलं एकही उत्पादन बाजारात नाही. दूध वाढवण्यासाठी अळीव, डिंकाचे लाडू, खसखस घरात करतात ते आवडीने खा, भूक लागते त्या दिवसांत, पण तेही सायटोकाइनसाठी नाही.

अॅलर्जीचं चित्र मिश्र आहे. फिनलंडमध्ये तुर्कूच्या गटाने १९९९ मध्ये मांडलं की चिकातला टीजीएफ-बीटा बाळाला फक्त अंगावर पिण्याच्या काळात अॅलर्जीच्या आजारांपासून वाचवत असावा. पुढे २०१० मध्ये १२ अभ्यास एकत्र बघितले तर साधारण दोन तृतीयांशांत फायद्याच्या बाजूने निकाल होता. नंतरचे काही अभ्यास मात्र तसं दाखवत नाहीत. त्यामुळे अंगावर पाजलं की दमा होणारच नाही असं तुम्हाला कुणी छातीठोकपणे सांगितलं तर ते खरं नाही, आणि पुढे बाळाला एक्झिमा झालाच तर माझंच दूध कमी पडलं असं मनाला लावून घेऊ नका.

अॅलर्जी सोडून दुसरा एक धागा मला जास्त पक्का वाटतो. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, टी पेशी, म्हणजे जंतू ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तिथे तयार होतात. डेन्मार्कमध्ये सोनोग्राफी करून बघितलं तर चार महिन्यांच्या, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांचा थायमस फॉर्म्युलावरच्या बाळांच्या जवळजवळ दुप्पट होता. मग आफ्रिकेत गांबियातल्या खेड्यात २००४ चा अभ्यास आहे, तिथे पावसाळ्यात जुनं धान्य संपलेलं आणि शेतातलं काम मात्र सगळ्यात जास्त असे महिने असतात, त्या दिवसांत आयांच्या दुधातला आयएल-७ कमी झालेला आढळला आणि त्या काळात जन्मलेल्या बाळांचा थायमसही लहान. आयएल-७ हा टी पेशी वाढवणारा सायटोकाइन. म्हणजे आईच्या पोटाची भूक बाळाच्या इम्युनिटीपर्यंत पोचते. पावडरचे पैसे तुमच्या ताटातल्या डाळीला, अंड्याला, भाजीला, फळाला घाला. घरी कामाला येणाऱ्या ताई बाळंतीण असतील तर त्यांच्याही ताटाला.

प्रश्न : मला जुळी झाली, दूध आलंच नाही, सगळं करून बघितलं. मुली फॉर्म्युलावर वाढल्या. असले लेख वाचले की रडू येतं. (ठाणे)

उत्तर : तुमच्या मुली तुम्ही वाढवल्यात, जुळ्या, आणि ते सोपं नसतं. वर जे सगळं लिहिलंय ते अजून निर्णय ज्यांच्या हातात आहे त्यांच्यासाठी आहे, तुम्हाला दोष द्यायला नाही. वारेतून आलेल्या तुमच्या अँटीबॉडी त्यांना जन्माच्या आधीच मिळाल्या होत्या. लसी वेळेवर, बाटलीपेक्षा वाटीचमचा किंवा बोंडलं, उकळून गार केलेलं पाणी, स्वच्छ हात, यानेच फॉर्म्युलावरची बाळं आजारांपासून वाचतात, आणि तुमच्या मुली वाढल्या म्हणजे तुम्ही हे सगळं केलेलंच आहे. त्यांची इम्यून सिस्टीम पुढेही वर्षानुवर्षं शिकत राहते.

प्रश्न : पुढच्या महिन्यापासून बँकेत ड्यूटीवर रुजू होतेय. दूध काढून ठेवलं तर त्यातली ही प्रोटीन टिकतात का? आई म्हणते उकळूनच देते. (रत्नागिरी)

उत्तर : उकळायचं नाही, आईंना नक्की सांगा. गाईम्हशीच्या दुधाची ती सवय आहे, पण तुमचं दूध उकळलं तर पेशी, अँटीबॉडी, सिग्नल देणारी प्रोटीन सगळ्यांचीच वाट लागते. मायक्रोवेव्ह पण नको, मधेच एखादी जागा चटका बसेल इतकी तापते. स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात काढा, हात धुऊन. खोलीत २५ अंशांच्या आसपास चार तास टिकतं, पण कोकणातल्या मे महिन्यात मी एवढं थांबणार नाही. फ्रीजमध्ये परदेशातल्या गाइडलाइन चार दिवस म्हणतात, आपल्याकडे लाइट जाते आणि फ्रीजचं दार सारखं उघडतं म्हणून मी २४ तासच सांगते. दारात नाही, आतल्या बाजूला ठेवा. फ्रीझरमध्ये पेशी मरतात, प्रोटीन मात्र बऱ्यापैकी राहतात, म्हणून आदल्या दिवशीचं ताजं असेल तर आधी ते द्या. पाजायच्या वेळी भांडं कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवायचं, वर आलेली साय हलक्या हाताने ढवळून मिसळायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा आणि वाटीचमच्याने पाजायचं. उष्टं राहिलं तर ते परत फ्रीजमध्ये ठेवू नका.